म्हैसूरचा राजवाडा नीट कसा पाहावा

म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यासमोरच्या पूर्वेकडील मोकळ्या मैदानात पार टोकाला जाऊन वास्तूकडे तोंड करून उभे राहिले, की नजर आपोआप वरच्या घुमटांवर आणि मधल्या उंच मनोऱ्यावर जाते. ती मुद्दाम खाली आणावी आणि इमारतीच्या मधोमध पाहावे. तिथे भिंतच नाही. ओळीने कमानी आहेत, कमानींच्या मागे खांबांच्या रांगा आहेत आणि त्या खांबांत, सावलीत बुडालेले एक लांबलचक दालन आहे. राज्याने पंधरा वर्षे खपून बांधलेल्या वास्तूची दर्शनी बाजू अशी उघडी का ठेवली, हा प्रश्न मनात धरूनच पुढची सगळी फेरी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राजवाडा म्हणजे राजाचे घर, एवढीच समजूत घेऊन आत गेलेल्या माणसाला झुंबरे, चांदीची दारे, हस्तिदंताचे काम आणि सोन्याची अंबारी दिसते, आणि तासाभरात तो दमून बाहेर येतो. परंतु ही वास्तू राहण्यासाठी होती तितकीच लोकांसमोर येण्यासाठीही होती. राजा प्रजेला कुठून दिसत असे, प्रजा कुठे उभी राहत असे, मानकऱ्यांना कुठवर येता येत असे आणि कोणत्या उंबरठ्यापुढे मोजक्याच माणसांना जाता येत असे, हे सारे इथल्या दालनांच्या उंचीत, दिशेत आणि मापांत आजही जसेच्या तसे आहे. ते उलगडावे म्हणून पुढे जो क्रम सुचवला आहे, तो तिकीटखिडकीपासून सुरू होणाऱ्या रांगेच्या क्रमाहून थोडा वेगळा आहे.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूरची गादी पुन्हा वडियार घराण्याकडे आली आणि तिसरे कृष्णराज वडियार बालपणीच गादीवर बसले. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, आणि तो परत मिळायला पन्नास वर्षे लागली. १८८१ मध्ये दहावे चामराज वडियार यांच्याकडे कारभार आला खरा, पण १८९४ च्या अखेरीस कलकत्त्याच्या मुक्कामी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र चौथे कृष्णराज तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते, त्यामुळे त्यांच्या मातोश्री महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी त्यांच्या वतीने राज्य चालवले.

अशा नाजूक काळात, १८९७ साली, राजकन्या जयलक्षम्मण्णी यांच्या विवाहाच्या वेळी जुना लाकडी राजवाडा आगीत सापडला आणि त्याचा बराच मोठा भाग जळून गेला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत असाच गेला होता, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फरक असा, की पुण्यात तोवर पेशवाई संपलेली होती आणि वाडा पुन्हा उभा करणारे कोणी उरले नव्हते, तर म्हैसुरात गादी शाबूत होती. महाराणींनी वेळ दवडला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या वास्तूचे काम सुरू झाले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले आणि त्यावर ४१ लाख ४७ हजार ९१३ रुपये खर्च आला.

कारभार परत मिळून जेमतेम सोळा वर्षे झालेली, राजा अल्पवयीन, राज्य चालवणारी एक विधवा राणी आणि वाड्याच्या जागी राख. राज्य जागेवर आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसण्याची किती गरज होती, हे लक्षात घेतले की दर्शनी बाजूची ती उघडी कमानओळ वेगळी दिसू लागते. ही कल्पना नव्या वास्तूबरोबर जन्मलेली नाही. जळालेल्या जुन्या वाड्यालाही कोरीव लाकडी खांबांवर उभी असलेली, समोरून उघडी दसऱ्याची सदर होती आणि मोठ्या प्रसंगी राजा तिथे सिंहासनावर बसून लोकांना दर्शन देत असे. तिला ‘सेज्जे’ म्हणत. हा शब्द मराठी कानाला आपल्या सज्जाजवळचा वाटतो, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला. ‘अंबाविलास’ हे नावसुद्धा जुन्या वाड्यातल्या एका दालनाचे होते. वाडा जळाला, पण नाव नव्या वास्तूत टिकून राहिले.

सुरुवात मैदानावरून करावी

राजवाड्याचे तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे दर्शनी बाजूवर ऊन येते ते सकाळी. दुपारनंतर हीच बाजू सावलीत जाते आणि दगडावरचे कोरीव काम सपाट दिसू लागते. म्हणून शक्य असेल तर सकाळी दरवाजे उघडताच आत यावे आणि रांगेत जाण्यापूर्वी निदान अर्धा तास मैदानासाठी राखून ठेवावा. आत जाताना पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि अंगणातली फरशी उन्हात चांगलीच तापते, हेही सकाळी जाण्याचे एक साधे कारण आहे.

पूर्वेच्या जयमार्तंड दरवाजाच्या बाजूला पाठ करून उभे राहिल्यास सगळी दर्शनी बाजू एका नजरेत मावते. पाहण्याची सुरुवात खालून करावी. भिंती करड्या ग्रॅनाइटच्या, वास्तू तीन मजली, कोपऱ्यांवर गडद गुलाबी घुमट, आणि मध्ये १४५ फूट उंचीचा पाच मजली मनोरा, ज्याच्या घुमटाला सोन्याचा मुलामा आहे. मधल्या कमानीच्या वर गजलक्ष्मी आहे. वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांनी त्याआधी सिमल्याला व्हाइसरॉयचे निवासस्थान उभारले होते आणि मद्रासच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीचे कामही पाहिले होते. त्या काळी इंग्रज वास्तुविशारद मोगल घुमट, राजपूत छज्जे, दाक्षिणात्य मंदिरांतील कोरीव काम आणि युरोपीय रचना यांचा जो मेळ घालत, त्याला आज इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. शैलीचे हे नाव पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट करावी. दर्शनी बाजूवर कोणता भाग कुठून आलेला वाटतो, हे स्वतःच शोधावे: घुमट कशासारखा आहे, कमानीची कड कशी कातरली आहे, खांबाचे शीर्ष मंदिरातल्यासारखे आहे की आणखी कशासारखे. दहा मिनिटांत इतके सापडते, की माहितीफलकाची गरज उरत नाही.

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. मैदानाच्या टोकावरून दरबाराच्या दालनाकडे पाहत सरळ चालत यावे आणि वाटेत तीनदा थांबावे. पहिल्या थांब्यावर दालनाचे छत, आतले खांब आणि मागची खोली पुष्कळशी दिसते. दुसऱ्या थांब्यावर आतली खोली कमी होऊन पुढचे खांबच ठळक होतात. अगदी पायथ्याशी आल्यावर मान कितीही वर केली तरी दालनाच्या काठापलीकडचे काहीच दिसत नाही, कारण दालन वरच्या मजल्यावर आहे आणि त्याची कड नजर अडवते. याचा अर्थ सरळ आहे. ही दर्शनी बाजू लांबून पाहण्यासाठी रचलेली आहे. सामान्य माणसाची जागा मैदानात, दूरवर होती, आणि ती जागा अशी निवडलेली होती की हजारोंच्या गर्दीतल्या माणसालाही वर बसलेला राजा दिसावा. जवळ येण्याचा मान ज्यांना होता, त्यांची वाट वेगळी होती आणि ती आतून वर जात होती. नाट्यगृहात रंगमंच आणि प्रेक्षागृह यांचे जे नाते असते, तेच इथे दगडात बांधलेले आहे. फक्त प्रेक्षागृहाला छप्पर नाही.

मैदानावर असतानाच दक्षिणेकडच्या वराह दरवाजाजवळील श्वेतवराहस्वामी मंदिर पाहून घ्यावे. त्यात होयसळ शैलीचे दगडी काम आहे, आणि ते पाहून राजवाड्याच्या कोरीव कामाकडे वळले की वास्तुविशारदाने स्थानिक परंपरेतून काय उचलले असेल, याचा अंदाज बांधता येतो. राजवाड्याच्या आवारात अशी अनेक मंदिरे आहेत. गादी आणि देवस्थाने एकाच कोटात असणे ही म्हैसूरची जुनी रीत आहे, आणि घराण्याची कुलदेवता चामुंडेश्वरी ज्या टेकडीवर आहे, ती चामुंडी टेकडी मैदानातून आग्नेयेकडे दिसते.

आत गेल्यावर: बाहुल्यांचा चौक, चित्रे आणि बिडाचे खांब

आत शिरताना पहिला टप्पा येतो तो ‘गोंबे तोट्टी’चा. कन्नडमध्ये गोंबे म्हणजे बाहुली आणि तोट्टी म्हणजे आपल्याकडचा वाड्याचा चौक. नवरात्रात बाहुल्या मांडण्याची रीत दक्षिणेत घरोघर आहे, तीच इथे राजघराण्याच्या मापाने पाळली जाई. पुढे ‘आने बागिलु’, म्हणजे हत्तीदरवाजा, येतो. त्याच्या पितळी कामात दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी शोधावा. हे म्हैसूरच्या राजचिन्हातले पाखरू आहे आणि आज कर्नाटक राज्याच्या चिन्हातही ते आहे. एकदा ओळख पटली की पुढे जागोजागी ते भेटत राहते.

पुढे कल्याणमंडप लागतो, म्हणजे राजघराण्यातील विवाह आणि मंगलकार्ये यांचे सभागृह. बहुतेक जण इथे मान वर करून रंगीत काचेच्या छताचे छायाचित्र घेतात आणि पुढे सरकतात. माझे म्हणणे असे, की आधी भिंतीकडे पाहावे. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठी तैलचित्रे आहेत. १९३४ ते १९४५ या काळात छायाचित्रांच्या आधाराने ती रंगवली गेली. त्यामुळे ती सजावटीपेक्षा कागदपत्रांच्या जवळची आहेत. मिरवणुकीत कोण कोणाच्या पुढे आहे, घोडदळ कुठे आहे, पायदळाचे गणवेश कसे आहेत, वाद्यवृंद, हत्ती आणि मानकरी यांचा क्रम काय आहे, हे एकेका चित्रासमोर थांबून पाहावे. आणि मग मिरवणूक सोडून कडेच्या माणसांकडे पाहावे. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक चित्रकारांनी टाळलेले नाहीत. पाहणारी माणसे ही त्या सोहळ्याचाच भाग होती, हे त्या चित्रांतून समजते. कल्याणमंडपाला एकच वेळ देता येत असेल, तर ती झुंबराऐवजी या चित्रांना द्यावी.

त्यानंतर खांब. हा अष्टकोनी मंडप ज्या उंच, सडपातळ खांबांवर उभा आहे, ते दगडी नाहीत, ओतीव बिडाचे आहेत, आणि ते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सारासेन फाउंड्रीतून आलेले आहेत. जाणकाराने सांगितल्याशिवाय हे लक्षात येणे कठीण, कारण त्यांच्यावर रंग आणि नक्षी इतकी आहे. ओळखण्याची खूण अशी, की खांबाची जाडी आणि त्याची उंची यांचा मेळ पाहावा. इतका बारीक दगडी खांब एवढे मोठे छत इतक्या मोकळ्या अंतरावर पेलू शकला नसता. बीड दाब उत्तम सोसते, त्यामुळे कमी जाडीत काम भागते आणि मधली जागा खुली राहते. छतावरची रंगीत काचही ग्लासगोचीच, पण तिच्यातली मोरांची कल्पना इथल्या कलावंतांची. लाकडी वाडा जळाल्यावर नवी वास्तू दगड, वीट आणि लोखंड यांच्या बळावर उभी करायची, आणि लाकूड दारे, छत अशा मोजक्या ठिकाणीच राखायचे, हा निर्णय इथे हाताच्या अंतरावर पाहायला मिळतो. खांबाला हात लावू नये; नुसते जवळ जाऊन, खांबाच्या बैठकीपाशी ओणवे होऊन पाहिले तरी पुरेसे आहे.

गर्दीच्या दिवशी मागून रेटा येतो आणि मंडपात थांबणे अवघड होते. अशा वेळी रांगेच्या प्रवाहातून बाजूला सरकून एखाद्या खांबाच्या आडोशाला उभे राहावे, म्हणजे लोक वळसा घालून पुढे जातात. लहान मुले बरोबर असतील, तर त्यांना मोर मोजायला सांगावे. ती मोजत राहतात तेवढ्या वेळात मोठ्यांना चित्रे पाहता येतात.

दरबाराचे दालन

जिना चढून वर आल्यावर आपण त्याच दालनात पोहोचतो, जे सकाळी मैदानावरून पाहिले होते. ते १५५ फूट लांब आणि ४२ फूट रुंद आहे. १९३० नंतरच्या काळात राजवाड्याचा विस्तार झाला आणि सार्वजनिक दरबाराच्या या बाजूचे आजचे रूप त्या विस्तारातून आले. १९४० च्या सुमारास ते काम पुरे झाले.

इथे आल्यावर कितीही मोह झाला तरी लगेच छताकडे पाहू नये. आधी दालनाच्या एका टोकाला जाऊन खांबांच्या ओळीच्या रेषेत उभे राहावे, म्हणजे एका कमानीत दुसरी, दुसरीत तिसरी अशी कमानींची माळ दूरवर निमुळती होत गेलेली दिसते. मग मध्यभागी यावे, पूर्वेकडे तोंड करावे आणि कठड्यापलीकडे पाहावे. सकाळी आपण जिथे उभे होतो ते मैदान, जयमार्तंड दरवाजा, त्याच्या पलीकडचे मोकळे आकाश, सगळे एका चौकटीत येते. मैदानावर चालणारी माणसे इथून चिमुकली दिसतात, पण दिसतात, एकेक वेगळी दिसतात. वरून पाहणाऱ्याला खालची माणसे आणि खालून पाहणाऱ्याला वरचा माणूस, दोघेही एकमेकांना दिसावेत, इतपतच हे अंतर आहे. या जागी मी पहिल्यांदा उभे राहिल्यावर खाली शाळेच्या सहलीतल्या मुलांची एक रांग उभी होती आणि एक मुलगा वर पाहून हात हलवत होता. तो कोणाला हात करत होता कोण जाणे, पण हे दालन कशासाठी बांधले आहे ते त्या क्षणी मला पुरते कळले.

दसऱ्याच्या दिवसांत राजा इथे सिंहासनावर बसत असे. खाली मैदानात फौजेची संचलने, हत्ती, घोडे, कसरती. वर मानकरी, अधिकारी, पाहुणे. मानकरी राजाच्या जवळ बसत, पण त्यांचेही तोंड त्याच मैदानाकडे. म्हणजे दरबारात बसलेली प्रतिष्ठित मंडळी खालच्या लोकांना राजाबरोबरच दिसत आणि तीही त्या दृश्याचा भाग होत. आपल्याकडे कोल्हापूरच्या दसरा चौकातला शाही दसरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाते समजायला वेळ लागणार नाही: राजा मोकळ्या जागेवर लोकांसमोर येतो, आणि सोने लुटण्याचा तो विधी सगळ्यांच्या साक्षीने होतो.

सिंहासन एरवी सुरक्षित जागी सुट्या भागांत ठेवलेले असते आणि दसऱ्याच्या आधी जोडून मांडले जाते. म्हणून ते पाहायचेच असेल तर त्या दिवसांतच यावे लागते. मात्र नवरात्रात राजघराण्याचा खाजगी दरबार भरतो, त्या वेळी प्रवेशावर बंधने असतात. जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

अंबाविलास: आतला दरबार

सार्वजनिक दालनातून खाजगी दरबाराकडे जाताना पावले मुद्दाम हळू टाकावीत, कारण सर्वांत मोठा फरक दारापाशीच आहे. शिसवी लाकडाचे, हस्तिदंताच्या जडावाचे दार आणि तिथे गणपती. बाहेरचे दालन ज्याच्यासमोर भिंत नाही असे, आणि हे चारी बाजूंनी बंद. बाहेर वारा, उजेड आणि आवाज. आत वरून गाळून आलेला काचेचा रंगीत उजेड. इथे बोलावलेल्या मोजक्या माणसांशी गाठीभेटी आणि मसलती होत. त्यामुळे इथली शोभा जवळून पाहण्याच्या मापाची आहे. सोनेरी मुलाम्याचे खांब, झुंबरे, छताची काच हे सगळे आहेच, पण मला विचाराल तर इथे सर्वांत आधी खाली पाहावे. फरशीत रंगीत, अर्धमौल्यवान दगड बसवून केलेली पच्चीकारी आहे. गुडघ्यावर बसून एखादे फूल निरखले, की पाकळीच्या दगडातल्या नैसर्गिक छटाच सावलीसाठी वापरलेल्या जाणवतात. छतावरच्या नक्षीची फुले आणि फरशीवरची फुले एकमेकांना जोडून पाहावीत. असा तपशील मैदानावरून कधीच दिसला नसता, आणि तो तिथल्या लोकांसाठी केलेलाही नव्हता. एकाच वास्तूत दोन प्रकारची शोभा आहे: एक दोनशे पावलांवरून दिसणारी, दुसरी दोन हातांवरून. ही दोन मापे मनात वेगळी ठेवली की राजवाड्याचा आराखडा न पाहताही समजतो.

जगन्मोहनला जाण्याचे कारण

बाहेर आल्यावर, पाय दुखत असले तरी, जवळच्याच जगन्मोहन राजवाड्याला तासभर द्यावा. लोक तिथे राजा रविवर्मांची चित्रे पाहायला जातात, आणि ती पाहावीतच. पण अंबाविलासचे काम चालू असताना राजघराण्याचे व्यवहार तिथूनच चालत आणि १९०२ मध्ये चौथ्या कृष्णराजांना राज्याधिकार देण्याचा समारंभ व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत त्याच वास्तूत झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये स्थापन केलेल्या म्हैसूर प्रातिनिधिक सभेची अधिवेशने पुढे तिथल्या सभागृहात भरत. पहिल्या सभेत १४४ सदस्य होते. सभेचा वार्षिक मेळा दसऱ्याला जोडलेला होता आणि त्याला दसरा अधिवेशन असेच म्हणत. तालुक्यातालुक्यांतून आलेले सदस्य दसरा पाहत आणि त्याच मुक्कामात पाटबंधारे, कर, रस्ते यांच्या तक्रारी आणि मागण्या दिवाणापुढे मांडत. मैदानावर प्रजा राजाला पाहत होती. जगन्मोहनमध्ये तिचे काही प्रतिनिधी बोलत होते. राजवाड्याची सार्वजनिक भूमिका केवळ सोहळ्यापुरती समजू नये, म्हणून या दुसऱ्या इमारतीची वाट वाकडी करावी.

दसऱ्यात गेल्यास

१६१० मध्ये राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टणला सुरू केलेली दसऱ्याची परंपरा आज राज्य सरकारच्या पुढाकाराने चालते. १९७१ मध्ये तनखे रद्द झाल्यावर संस्थानिकांचे अधिकृत स्थान संपले. पूर्वी अंबारीत राजा बसत असे, आता तिथे चामुंडेश्वरीची मूर्ती असते. अंबारीचे वजन सुमारे ७५० किलो आहे, म्हणून ती वाहणाऱ्या हत्तीला आधी कितीतरी दिवस वाळूच्या पोत्यांचा भार पाठीवर घेऊन त्याच रस्त्याने चालवतात. खरे सांगायचे तर हा सराव पाहणे विजयादशमीच्या मुख्य मिरवणुकीपेक्षा सोयीचे आणि कमी गर्दीचे असते. जंगलातल्या छावण्यांतून आलेले हत्ती, त्यांचे माहूत आणि त्यांची कुटुंबे तेव्हा राजवाड्याच्या आवारातच मुक्कामाला असतात.

विजयादशमीला सकाळी वाड्याच्या आतल्या चौकात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टीची, म्हणजे मुठीत टोकदार आयुध धरून खेळायची, लढत होते आणि दुपारी मिरवणूक निघते. मुख्यमंत्री मूर्तीवर पुष्पवृष्टी करतात, तोफांची सलामी होते आणि मिरवणूक उत्तरेकडच्या बलराम दरवाजातून बाहेर पडून कृष्णराज चौक आणि सयाजीराव रस्त्याने सुमारे पाच किलोमीटरवरच्या बन्नीमंटपाला जाते. बन्नी म्हणजे शमी, त्यामुळे हे आपले सीमोल्लंघनच. मैदानातल्या आसनांसाठी आधीच तिकीट लागते. ते मिळाले नाही तर रस्त्याच्या कडेला सकाळपासून जागा धरून बसण्यावाचून इलाज नाही, आणि पाणी, टोपी जवळ हवीच.

रविवारची संध्याकाळ

रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, तसेच दसऱ्यात रोज संध्याकाळी, राजवाड्यावर सुमारे ९७,००० दिवे काही वेळ लावले जातात. म्हणून सकाळची फेरी गर्दी नसलेल्या वारी करावी आणि दिव्यांसाठी रविवारी परत यावे. एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल तर सकाळी लवकर आत जावे आणि दुपारी जगन्मोहन उरकावे.

दिवे लागण्याच्या वीसएक मिनिटे आधी मैदानात येऊन सकाळच्याच जागी, टोकाला उभे राहावे. अगदी पुढे जाण्याची धडपड करू नये. त्या जागेवरून काय दिसत नाही ते सकाळीच पाहून झालेले असते. अंधार पडत असताना इमारत नुसता काळा आकार होते. मग दिवे एकदम लागतात आणि गर्दीतून एक दीर्घ ‘अहा’ निघतो. दिव्यांच्या माळा फक्त कडा रेखतात, घुमटांच्या, कमानींच्या, कठड्यांच्या, त्यामुळे दगड नाहीसा होतो आणि आयर्विन यांचा आराखडाच हवेत उभा राहतो. त्या प्रकाशरेषांच्या मधोमध दरबाराचे दालन असते. तिथे आता कोणी बसलेले नसते. मैदान मात्र भरलेले असते, आणि सगळ्यांची तोंडे तिकडेच वळलेली असतात. दिवे मालवले की लोक एकाच वेळी दरवाजांकडे लोटतात. मुले बरोबर असतील तर पाच-दहा मिनिटे जागेवरच थांबावे आणि गर्दी ओसरल्यावर दक्षिणेच्या दरवाजाने सावकाश बाहेर पडावे.